आज कुणाचा हात, आबा?

आबांना काय झालं, असं जळगावच्या कोर्टात कुणी विचारत नसे. एका डोळ्यावर पट्टी बांधून ते फाटकातून आत शिरले, की पानवाला पानाला चुना लावता लावता म्हणायचा, "आज कुणाचा डोळा, आबा?"

"पहूरच्या सुताराचा," आबा सांगायचे आणि उरलेल्या डोळ्यानं अंदाज घेत पायऱ्या चढायला लागायचे. हटकून एखादी पायरी चुकायची. मग जागच्या जागी थांबून मागं न बघता मला म्हणायचे, "लक्षात ठेव. चढताना चुकत नाही, शेवटची चुकते."

मी त्यांची ज्युनिअर. त्यांच्या मागून कायद्याची पुस्तकं घेऊन चालायचं हे माझं काम. आपण त्यांच्याबरोबर नाहीच, असं बघणाऱ्याला भासवायचं हे मी स्वतःच लावून घेतलेलं दुसरं काम. दोन्ही एकदम करताना मान फार दुखायची.

आबा वकील होते, पण खुनाचे नाहीत आणि वाटणीचेही नाहीत. ट्रकनं उडवलेले, मळणीयंत्रात बोटं गेलेले, भिंत अंगावर पडलेले लोक त्यांच्याकडे यायचे. नुकसानभरपाईचे दावे. ज्याचं जे अंग गेलं असेल, ते अंग आबा दावा लिहिण्याआधी आणि पुढं सुनावणीच्या वेळी काही दिवस वापरायचे नाहीत. हात गेला असेल तर हात उपरण्यानं छातीशी बांधायचे. कान गेला असेल तर कानात मेण. डॉक्टरच्या दाखल्यावर 'अपंगत्व चाळीस टक्के' असं लिहिलेलं असायचं. ते वाचून आबा चिडायचे. "चाळीस टक्के म्हणजे काय? माणूस आहे का डेअरीचं दूध? याचं काय काय बंद झालं ते कुठं लिहिलंय?"

नरडाण्याच्या स्टेशनावरच्या एका हमालाचा गुडघा गेला होता. दावा धुळ्याला होता. आबांनी पायाला मागून पट्टी बांधली, गुडघा वाकेना असा केला आणि तसेच एस.टी.नं जळगावहून धुळ्याला गेले. पाय पुढच्या सीटवर. पुढच्या सीटवर एक बाई. त्या बाईशी पारोळ्यापर्यंत जे भांडण झालं ते मी खिडकीबाहेर बघत ऐकलं. युक्तिवादाला उभे राहिल्यावर आबा म्हणाले, "साहेब, या माणसाला खाली बसता येत नाही. आता खाली बसता येत नाही म्हणजे सकाळी उठल्यावर काय होतं, ते मी चार दिवस स्वतः—"

"समजलं," न्यायाधीश घाईघाईनं म्हणाले.

विमा कंपनीच्या वकिलांनीसुद्धा त्या मुद्द्यावर एक प्रश्न विचारला नाही. हमालाचं काम झालं. परत येताना बसमध्ये मी म्हटलं, "आबा, आता पट्टी सोडा ना." तर म्हणे, "त्याची सुटली का?"

तेव्हाची मी कशी होते ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मे महिन्यात, जळगावच्या उन्हात डांबर पायाला चिकटत असताना, मी घरापासून काळा कोट घालून निघायचे. कोर्टात पोचल्यावर घालता आला असता, पण मग गल्लीतल्या बायकांनी बघितला कसा असता? पहिल्याच दिवशी दिवाणी न्यायाधीशांना मी 'मिलॉर्ड' म्हटलं. पट्टेवाल्याला एवढा खोकला आला की त्याला बाहेर जाऊन पाणी प्यावं लागलं. घरी आजी-आईशी अहिराणी बोलणारी मी, कोर्टाच्या फाटकात शिरले की पुण्याची व्हायचे. पक्षकार 'शे', 'शेत' म्हणाला, की मी त्याला 'आहे', 'आहेत' म्हणून समज द्यायचे. आपण पाच-सात वर्षांत उच्च न्यायालयात बसणार याबद्दल मला शंका नव्हती. खुर्ची कुठल्या रंगाची असेल एवढंच ठरायचं होतं.

अशा मुलीला आबांनी का ठेवून घेतलं, हे मला अजून कळलेलं नाही. बहुधा पुस्तकं जड होती म्हणून.

आबांचा एक नियम होता आणि तो ते कुणासाठी मोडत नसत. साक्षीदाराला शिकवायचं नाही. काय बोल, काय बोलू नको, एक अक्षर सांगायचं नाही. बाकीचे वकील साक्षीच्या आदल्या दिवशी पक्षकाराला ऑफिसात बसवून पाढे म्हणून घ्यावेत तशी साक्ष म्हणून घ्यायचे. आबा त्याला चहा पाजायचे आणि पाऊसपाण्याबद्दल बोलायचे. ह्याला एक जुनं कारण होतं, ते त्यांनीच सांगितलं होतं. धुळ्यात नवीन असताना त्यांनी एका साक्षीदाराला 'ट्रक उलट्या बाजूनं आला' हे वाक्य घोटून घोटून शिकवलं. उलटतपासणीत समोरच्या वकिलानं विचारलं, "लग्न कधी झालं तुमचं?" तो म्हणाला, "ट्रक उलट्या बाजूनं आला." सगळं कोर्ट हसलं, दावा गेला आणि ज्याचा दावा होता त्याची विधवा आई पायऱ्यांवर बसून राहिली. आबा म्हणायचे, "पढवलेला पोपट बोलतो चांगलं, पण त्याच्या बोलण्यावर कुणी पोरगी देत नाही."

आणि मग केशरबाईची केस आली.

केशरबाई धरणगावजवळच्या एका खेड्यातली, तिशीतली बाई. स्वतःचं शेत नव्हतं. चुलतजेठाच्या, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या चुलतभावाच्या, शेतात ती कापूस वेचायची. वेचणी झाली की जेठ भाड्याचा ट्रक करून कापूस धरणगावला खरेदी केंद्रावर न्यायचे आणि उतरवायला वेचणीच्या बायकांनाच वर बसवायचे. असाच एकदा भरलेला ट्रक मोरीवरून खाली गेला. केशरबाईचा उजवा हात कोपराखाली काढावा लागला.

आबांनी उजवा हात बांधला. पानवाल्यानं विचारलं, आबांनी सांगितलं. दोन दिवसांनी ते मला घेऊन तिच्या गावी गेले आणि दिवसभर तिच्या ओट्यावर बसले. अपघाताबद्दल एक शब्द विचारला नाही. "सकाळी उठल्यावर पहिलं काय करतेस?" तिथून सुरुवात. ती परातीला पायाच्या अंगठ्यानं टेकू देऊन एका हातानं पीठ मळायची. आबांनी तसं करून बघितलं. परात फिरली, पीठ सांडलं. केशरबाई तोंडावर पदर धरून हसायला लागली. म्हणाली, "आबा, तुमी ऱ्हाऊ द्या. तुमले दोन हात शेत."

"कापूस?" आबांनी विचारलं.

तिचं हसू थांबलं. एका हातानं बोंड धरायचं, दुसऱ्यानं कापूस ओढायचा. एका हातानं ओढला तर झाडच हलतं, पाचोळा कापसात येतो, आणि पाचोळ्याचा कापूस कुणी घेत नाही. ती आता वेचणीला जात नव्हती. नवऱ्याला दमा होता. दोन मुली होत्या. दाव्याचा पैसाच तेवढा काय तो आता घरात येणार होता.

जेठ त्या दिवशी येऊन गेले. भला माणूस, आबांना ऊस देऊन गेले. ते येताच केशरबाई उठून दाराआड गेली. जेठासमोर बसायची, बोलायची पद्धत नव्हती. आबांनी त्यांना विचारलं, "हिला मजुरी काय देत होता?" जेठ म्हणाले, "मजुरी कशी देणार, आबा? घरची सून आहे. लुगड्याला देत होतो." त्या भागात तशी रीतच होती. परक्या बाईला मजुरी, भाऊबंदातल्या बाईला लुगड्याला. कापूस दोघींचाही त्याच तराजूवर मोजला जायचा आणि भावही तोच. फक्त देताना म्हणायचं, घे, लुगडं घे. घेणाऱ्यानं म्हणायचं, कशाला इतकं. भाऊबंदाच्या घरात राबतो असं कुणी म्हणायचं नाही, राबवतो असंही नाही.

आता कायद्याची गाठ सांगते, सोपी आहे. त्या काळी आमच्या कोर्टात मालाच्या गाडीवर बसलेल्या माणसाबद्दल एकच प्रश्न असायचा: हा कशाला बसला? मालवाल्याचा मजूर म्हणून मालाबरोबर चालला असेल, तर भरपाई विमा कंपनी देणार. कुणी दयेनं बसवून घेतलेला पाहुणा असेल, तर विमा कंपनी मोकळी, ट्रकवाल्यानं काय ते द्यावं. आणि केशरबाईच्या ट्रकवाल्याकडे तो एकच ट्रक होता. तोही मोरीखालून काढून भंगारात गेला होता.

हे मी पुस्तकात शोधून काढलं. साक्षीच्या आदल्या दिवशी दोन्ही हातांनी पुस्तक धरून मी आबांपुढं उभी राहिले. "आबा, तिला एवढंच सांगून ठेवू का, की 'मी मजुरीला होते' असं म्हण?"

आबा डाव्या हातानं शर्टाची गुंडी लावायचा प्रयत्न करत होते. म्हणाले, "दाव्यात आपण लिहिलंय ना तसं?"

"लिहिलंय. पण तिच्या तोंडून यायला हवं."

"ते तिच्या तोंडून येईल तेव्हा येईल. तू सांगितलंस तर ते तुझं वाक्य होईल."

मी पुस्तक आपटलं. आता असं वाटेल की मला त्या बाईची कळकळ होती. तसं काही नव्हतं. मला जिंकायचं होतं. वडिलांनी पेढ्याचं दुकानसुद्धा बघून ठेवलं होतं.

विमा कंपनीचे वकील गोड बोलणारे होते. ते खेड्यातल्या बाईला 'अक्का' म्हणायचे, पुरुषाला 'भाऊ'. बांधावर उभं राहून बोलावं तशी उलटतपासणी घ्यायचे. केशरबाई पिंजऱ्यात उभी राहिली. डोक्यावरचा पदर सरकला की डाव्या हातानं ओढून घ्यायची. मागच्या बाकावर नवरा होता आणि त्याच्या शेजारी जेठ.

"अक्का, वावर कुणाचं?"

"आमना जेठनं."

"म्हणजे घरचंच म्हणायचं."

"घरनंच."

"जेठ तुम्हाला सांभाळून असतात?"

"बापना जागी शेत."

"बरं. मग अशा माणसाकडून तुम्ही मजुरी घेता, असं तुमच्या वकिलांनी इथं लिहिलंय."

केशरबाईनं मागच्या बाकाकडे बघितलं. जेठ छताकडे बघत होते. कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं, की मालक म्हणून तुमचं नाव निघालं तर त्या हाताची भरपाई तुमच्याच बोकांडी बसेल.

"नही," ती म्हणाली. "घरना माणूसपाशी मजुरी कशी लेतस? घरनं काम शे ते."

"मग ट्रकवर?"

"बठ्ठ्या बाया जाई राहिंत्यात. मी बी बसनू."

वकील 'उपकार झाले' म्हणून खाली बसले. आबा फेरतपासणीला उठले. उजवा हात अजून बांधलेला होता. त्यांनी विचारलं, "केशरबाई, वेचणीचं तुम्हाला काय मिळायचं?"

"लुगडाले देत."

न्यायाधीश कोकणातले, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी चष्मा वर केला. "म्हणजे काय?"

"साडीचोळी, सर," विमा कंपनीचे वकील बसल्या बसल्या म्हणाले. "आहेर."

"अच्छा, आहेर." टाईपरायटर वाजला.

मी उठले. "सर, इकडच्या रीतीनुसार त्याचा अर्थ असा होतो की—"

"मॅडम साक्ष देणार आहेत का?" ते वकील गोड हसून म्हणाले. "मग पिंजऱ्यात येऊ द्या त्यांना."

लोक हसले. मी बसले. तेव्हा माझ्याकडे पुण्याची मराठी होती आणि कोट होता. त्या क्षणाला लागणारी अक्कल मात्र घरी आजीपाशी राहिली होती. आजीनं एका दमात सांगितलं असतं, बा साहेब, लुगडं म्हणजे रोजमजुरी. आबांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. 'लुगडं म्हणजे मजुरीच ना?' हा प्रश्न आपल्याच साक्षीदाराला विचारता येत नाही, त्यात उत्तर येतं. बाहेर आल्यावर त्यांनी जेठांना साक्षीला उभं राहायला सांगितलं. जेठ म्हणाले, "येईन की, आबा." आणि पुढच्या तारखेला आले नाहीत. पुढच्या दोन तारखांनाही नाहीत.

निकाल लागला. चूक ट्रकवाल्याची. भरपाई द्यायची ट्रकवाल्यानं. विमा कंपनी मुक्त.

त्यानंतर आबांनी पाच-सहा वर्षं वकिली केली. ते बदलले असं बार रूममध्ये म्हणायचे. "म्हातारपणी शिकवायला लागले," असं एक जण चहा पिताना म्हणाला आणि बाकीचे हसले. शिकवत नव्हते ते. साक्षीच्या आधी ते पक्षकाराला गावाबाहेर, घरच्या माणसांच्या नजरेआड घेऊन जायचे आणि विचारायचे, "कोर्टात काय बोलायची लाज वाटेल?" तासन् तास थांबायचे. उत्तर मिळालं की म्हणायचे, "ते तिथं बोललेलं चालतं." एवढंच. हात-पाय बांधणं मात्र त्यांनी सोडून दिलं. पानवाला सुरुवातीला विचारायचा, "आज कुणाचा?" पुढं पुढं नुसतं पान द्यायचा.

ते गेले तेव्हा मी नाशिकला होते, माझ्या बाळंतपणात, लेकीच्या वेळी. पत्रातून कळलं. उच्च न्यायालयातली ती खुर्ची कुठल्या रंगाची असते, हे मी अजून बघितलेलं नाही. वकिली केली, बरी केली, अपघाताचे दावेच जास्त केले. माझ्या पक्षकारांना मी आबांचा तो प्रश्न विचारत आले. मला कधी कधी वाटतं, आबांना तो प्रश्न जरा आधी सुचला असता आणि त्यांनी तो मलाही विचारला असता, तर माझं आणखी काय काय सुधारलं असतं. ते राहून गेलं. त्यांच्याशी नीट बोलायचंही राहून गेलं. मी त्यांच्यामागून चालत होते ना, चार पावलं अंतर ठेवून.

पण आबा म्हटलं की मला दिसतो तो निकालानंतरचा दिवस.

निकाल कळवायला वकील पोस्टकार्ड टाकतात. आबा म्हणाले, आपण जाऊ. बसमध्ये मी अपिलाचं बोलत होते, औरंगाबादच्या खंडपीठाचं. आबा म्हणाले, "वर नवी साक्ष होत नाही. इथं जे टाईप झालं, तेच वर जातं. वरचे साहेबही 'आहेर'च वाचणार."

ओट्यावर नवरा बसला होता. आम्हाला बघून जेठही आले आणि खाटेवर बसले. केशरबाई दाराआड उभी राहिली, पदर पुढं ओढून. आबांनी निकाल सांगितला. नवरा खोकत राहिला.

"कंपनी का सुटनी?" दाराआडून केशरबाईनं विचारलं.

"तुम्ही पाहुण्या ठरलात म्हणून. मजूर ठरला असतात तर कंपनीला द्यावं लागलं असतं."

ती म्हणाली, "मजूर म्हनं असतं तर मिळतं?"

"हो."

"मग आबा, तुमी माले सांगं का नही?"

"मी साक्षीदाराला शिकवत नाही, केशरबाई. खोटं—"

"खोटं कसानं?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. उलट ती आबांनाच समजावत असल्यासारखी बोलत होती. "खरंच व्हतं ना ते. माले वाटनं, कोरटमा जेठनं नाव असं लेनं चालत नही. तुमी फक्त म्हनतात, चालस, तर मी सांगी देती. माले काय शिकाडनं व्हतं त्यामा?"

आबांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मी माझ्या कोटाच्या बाहीकडे बघत बसले.

"जाऊ दे, केशर," जेठ म्हणाले. "घरच्या गोष्टी कोर्टात कुणी सांगत नाही. बरोबरच बोललीस तू. आपलं घरचं काम होतं."

केशरबाई दाराआडून बाहेर आली. पदर होता तसाच, डोक्यावर. पण तिनं जेठांकडे तोंड केलं. नवरा खोकायचा थांबला. लग्न होऊन आल्यापासून ती कधी त्यांच्याशी बोलली नव्हती, हे त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

"घरनं काम नही व्हतं," ती म्हणाली. "मजुरी व्हती. कापूस मोजीसन पैसा देत तुमी. बाकीन्या बायासले देत, तोच भाव. त्या कामले मी ट्रकवर बसनू."

जेठ उठले नाहीत. मान खाली घालून बसले. भिंतीकडेला कोंबड्या उकरत होत्या. आबा मात्र उभे राहिले, साक्ष चालू असताना वकील राहतो तसे, दोन्ही हात बाजूला सोडून.

"परत सांगा," ते हळूच म्हणाले.

तिनं परत सांगितलं. सावकाश, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. लिहून घेणारं तिथं कुणी नव्हतं.